बाबांचं आजोळ

भाद्रपदातल्या नवमीला आमच्या घरी एक पान जास्त वाढलं जातं. अहेव नवमी. जी बाई नवऱ्याच्या आधी गेली तिचं पान त्या दिवशी ठेवायचं आणि एका सवाष्णीला जेवायला घालायचं. बाबा हे त्यांच्या आईसाठी करतात. सात-आठ वर्षांचे असल्यापासून करत आले आहेत आणि आता ते एक्याऐंशी वर्षांचे आहेत. नवरा गेल्यापासून मी भिसेगावला त्यांच्याबरोबर राहते. मी सवाष्ण म्हणून चालत नाही, स्वयंपाकीण म्हणून चालते. म्हणून खीर, वडे, भाज्या मीच रांधते आणि वरच्या मजल्यावरच्या, बँकेत नोकरी करणाऱ्या मुलीला हातापाया पडून जेवायला आणते. गेल्या वर्षी तीही घड्याळाकडे बघत जेवली. खरं सांगायचं तर मला या सगळ्याचा कंटाळा आला होता.

ती गेल्यावर बाबा जेवायला बसले. वरणभात कालवता कालवता म्हणाले, "बाय, माझं आजोळ कुठलं गं?"

मी म्हटलं, "बाबा, ते तुम्हाला माहीत नाही, तर मला कुठून असणार?"

"तसं नाय. तू पोस्टात होतीस. पत्ते शोधायचं काम तुझं."

तीस-बत्तीस वर्षं मी पोस्टात काढली. अर्धवट पत्त्याची पाकिटं पुष्कळ पोचवली. पण त्यांच्यावर निदान कोणाचं तरी नाव असायचं. इथे तेही धड नव्हतं.

बाबा दोन वर्षांचे असताना त्यांची आई तापाने गेली, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मग आजोबांनी दुसरं लग्न केलं. ती दुसरी आजी मी पाहिली आहे. तिने बाबांना पोटच्या पोरासारखं वाढवलं, सुट्टीत आपल्या माहेरी नेलं, आणि तेच त्यांचं आजोळ झालं. पहिलीचं घरात काही उरलं नव्हतं. फोटो नाही, लुगडं नाही, साधं एक भांडं नाही. नाव होतं, पण ते सासरचं, लग्नात ताटातल्या तांदळांत लिहून दिलेलं. माहेरी तिला काय म्हणत, ती कुठल्या गावची, कोणाची, हे सांगणारं माणूस राहिलं नव्हतं. माझंही लग्नात असंच नाव बदललं. माझ्या पासबुकावर एक बाई आहे आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरी. त्यामुळे या गोष्टीचा मला जरा जास्तच राग येतो. इथे मात्र मी कोणाचंच नाव लिहिणार नाही. मेलेल्यांना विचारता येत नाही आणि जिवंत भावकीला विचारायची माझी इच्छा नाही.

त्या दिवशी मी बाबांना "बघू" म्हणाले. "बघू" म्हणजे नाही, हे पोस्टातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. पण त्याच महिन्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की बाबांचं विसरणं आता वाढत जाणार. त्यांचा चष्मा फ्रिजमध्ये सापडायला लागला होता. एकदा ते मला माझ्या आईच्या नावाने हाक मारून मग ओशाळले. आजोळ सापडलं तरी ते आपलं आहे हे कळायला बाबा जागेवर हवेत, हे माझ्या लक्षात आलं. शोधायचं तर आत्ताच, नाहीतर कधीच नाही.

शेलूला राहणाऱ्या भावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, आता सगळं ऑनलाइन असतं. बघ ना जरा." उंटावरून शेळ्या हाकायला आमच्या घरात तोच आहे.

ऑनलाइन काही नव्हतं. भावकीतल्या एका काकांनी जातीच्या दाखल्यासाठी वंशावळ तयार केली होती, ती मागून आणली. मोठ्या कागदावर सात पिढ्या, चौकोनात चौकोन, आणि सगळे पुरुष. वाचणाऱ्याला वाटावं आमच्या घराण्यात बापच लेकरांना जन्म देत आले. मी काकांना म्हटलं, "यात बायका कुठे आहेत?" काका म्हणाले, "बायका वंशावळीत नसतात गं. त्या त्यांच्या नवऱ्याकडे असतात." मी ज्या नवऱ्याकडे होते त्याच्या वंशावळीतही मी नाही, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. कागदाची झेरॉक्स काढली आणि कागद परत दिला.

दिवाळीनंतर कर्जतला तालुक्याच्या कचेरीत जायला सुरुवात केली. पूर्वी गावचा कोतवाल जन्ममृत्यूचं पुस्तक लिहायचा. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, कोणी खबर दिली, सगळं त्यात. ती पुस्तकं आता कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये असतात. अर्ज करायचा, त्यावर कोर्ट फीचा स्टॅम्प लावायचा, आधारची झेरॉक्स जोडायची आणि बाकावर बसायचं. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण मी खिडकीच्या आतल्या बाजूने आयुष्यभर ऐकली होती. आता बाहेरच्या बाजूने ऐकत होते. आतल्या बाजूला पंखा असतो, एवढाच फरक.

रेकॉर्ड सांभाळणारे गृहस्थ निवृत्तीला आले होते. नाकाला रुमाल बांधून त्यांनी आमच्या मूळ गावाची चार वर्षांची पुस्तकं काढून दिली. पानं पिवळी, कडा कुरतडलेल्या, अक्षर घाईचं. मोडी नव्हतं हेच नशीब. बाबांच्या जन्माची नोंद मी दोन दिवस शोधली. मान अवघडली, डोळ्यांत पाणी यायला लागलं. आजोबांच्या नावापुढे मुलगा झाल्याची नोंद कुठेच नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते गृहस्थ रुमाल सोडत म्हणाले, "ताई, हे त्यांच्या आईचं पहिलं बाळंतपण का?"

मी म्हटलं, "हो."

"मग सासरच्या पुस्तकात काय शोधताय? पहिलटकरीण माहेरी जाते. पोर जिथे जन्मलं तिथला कोतवाल लिहिणार."

माझी मलाच लाज वाटली. मी स्वतः माझ्या आईच्या माहेरी जन्मले. माझ्या दोन्ही मुलांना मी बाबांच्या घरी जन्म दिला. आमच्याकडे शंभरातल्या नव्वद जणांचं पहिलं रडणं आजोळी. तरी बापाचा जन्म बापाच्या गावात शोधत मी दोन दिवस धूळ खाल्ली. त्या चौकोनांच्या कागदाने माझ्याही डोक्यात घर केलं होतं म्हणायचं.

पण यातून सुटका होत नव्हती. आजोळ कळायला नोंद हवी, आणि नोंद मिळायला आजोळ कळायला हवं. मी तोंड पाडून बसलेली बघून ते गृहस्थ म्हणाले, "वडील शाळेत गेले असतील ना? शाळेचं रजिस्टर बघा. त्यात जन्मस्थळाचा रकाना असतो." त्यांना मी मनापासून आशीर्वाद दिला, वयाने ते माझ्याहून फार लहान नसूनही.

बाबांच्या गावच्या शाळेत जायला थंडी संपत आली. गुडघे दुखत होते, मध्ये भावाची मुलगी आजारी पडली, मध्ये बाबा पडले. हे सगळं होतच असतं. शाळेतल्या बाईंनी पत्र्याची पेटी उघडून रजिस्टर काढलं. बाबांचं नाव सापडलं. जन्मतारीख गुरुजींनी ठोकून दिलेली, त्या पानावरच्या निम्म्या पोरांची एकच. आणि पुढे जन्मस्थळ: खालापूर तालुक्यातलं एक लहान गाव.

ते गाव मला माहीत होतं. म्हणजे फाटा माहीत होता. कर्जत-खोपोली रस्त्याला त्या नावाची पाटी आहे. बाबांनी खोपोलीच्या एका कारखान्यात तीस वर्षं नोकरी केली. एसटीने रोज त्या पाटीसमोरून गेले आणि रोज परत आले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

घरी येऊन सांगितलं तर बाबांनी गावाचं नाव दोनदा माझ्याकडून वदवून घेतलं. मग म्हणाले, "तिथं बस थांबायची की गं. पण उतरायचं कधी काम पडलं नाय." त्या रात्री ते नीट जेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी घालून तयार. "चल." मी म्हटलं, "बाबा, पाटी वाचून घर सापडत नाही. कोणाच्या दारात जाऊन काय विचारायचं? ऐंशी वर्षांमागे तुमच्याकडची एक मुलगी आमच्याकडे दिली होती, नाव माहीत नाही, असं?" निदान तिच्या बापाचं नाव हवं होतं. बाबांनी टोपी काढून खुंटीला लावली. त्यांचा चेहरा बघून मला वाईट वाटलं, पण वाईट वाटून खालापूर जवळ येत नाही.

खालापूरला मी त्या उन्हाळ्यात चार वेळा गेले. कर्जतहून खोपोली, खोपोलीहून सहा आसनी रिक्षात आठवी होऊन खालापूर. तिकडे टोलनाक्यावर गाड्यांची रांग, इकडे कचेरीसमोर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ, आत पुन्हा अर्ज, पुन्हा स्टॅम्प, पुन्हा बाक. दुसऱ्या फेरीत नोंद सापडली. आजोबांचं पूर्ण नाव, आमच्या गावचं नाव, "मुलगा". आणि खबर देणाऱ्याच्या रकान्यात एका माणसाचं नाव, आडनावासकट. हे बाबांचे आजोबा. मुलीला मुलगा झाला म्हणून कोतवालाला सांगायला गेलेले.

नक्कल घरी आणली तेव्हा बाबांनी ती दिव्याखाली धरून बोट फिरवत वाचली. "इथं माझं नाव नाय," म्हणाले.

"बारसं व्हायचं होतं, बाबा."

ते हसले. मग कागदाची घडी घालून म्हणाले, "आता तिचं बघ. कुठल्या तिथीला गेली ते कळू दे. नवमी काय, सगळ्या बायांचीच असते."

मला वाटलं होतं की काम संपलं. पण बरोबर होतं त्यांचं. मी पुन्हा खालापूरला गेले. बाबा दोन वर्षांचे होते ते वर्ष बघितलं, पुढचं बघितलं, त्याच्या पुढची पाच बघितली. आमच्या गावच्या पुस्तकासाठी पुन्हा कर्जतच्या त्या गृहस्थांकडे गेले. दोन्हीकडे तिची नोंद नाही. ते म्हणाले, "तापाची साथ असली की कोतवाल तरी किती लिहिणार?" मला ते पटलं, कारण मला पटवून घ्यायचं होतं. मी दमले होते. शेवटचं म्हणून त्या गावच्या ग्रामपंचायतीत गेले. तिला भाऊ असतील तर त्यांचे वारस कोण, घर कुठलं, एवढं विचारायला.

ग्रामसेविका तरुण मुलगी होती. म्हणाली, "या आजोबांच्या मृत्यूची नोंद बघू, त्यावरून पोरांची नावं कळतील." तिने नंतरच्या काळातलं मृत्यूचं रजिस्टर काढून माझ्यासमोर ठेवलं आणि फोन घ्यायला बाहेर गेली. मी पानं उलटत होते. बाबांच्या त्या आजोबांची नोंद मिळाली, खबर देणारा मुलगा, त्याचं नाव लिहून घेतलं. रजिस्टर मिटायचं सोडून मी पुढची पानं उलटत राहिले. पोस्टाची सवय, वही हातात आली की शेवटपर्यंत बघायची. बऱ्याच पानांनंतर एका ओळीत माझ्या आजोबांचं नाव आलं. बाबांच्या वडिलांचं. पतीच्या रकान्यात. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आमचं गाव, सगळं. मृताच्या रकान्यात एका बाईचं नाव, जे मी कधी ऐकलं नव्हतं. वय अठ्ठावन्न. खबर देणारा तोच, तिचा भाऊ.

तारीख मी तीनदा वाचली. त्या साली मी सातवीत होते.

दुसऱ्या आजीचं माहेर वेगळं, आणि ती आमच्याच घरात, माझ्यासमोर गेली. तेव्हा ही कोण, याला दोन उत्तरं नव्हती. ताप नाही, साथ नाही. बाबा मोठे झाले, नोकरीला लागले, लग्न केलं, त्यांना आम्ही दोन मुलं झाली, आणि इतका सगळा वेळ त्यांची आई फाट्यापासून दोन किलोमीटर आत जिवंत होती. ग्रामसेविका परत येऊन म्हणाली, "सापडलं का, ताई?" मी हो म्हटलं आणि तिच्याकडे पाणी मागितलं.

परतीच्या रिक्षात मला संताप आला. आजोबांचा आला, ज्यांनी मला खांद्यावर बसवून यात्रेला नेलं होतं. त्याहून जास्त आला त्यांच्या आईचा, माझ्या पणजीचा, जिला मी पाहिलंही नाही. बाबा सांगायचे, पहिलं पान त्यांच्या हातून तिने ठेववलं. सात वर्षांच्या पोराला अंघोळ घालून, पाटावर बसवून, जिवंत आईचं पान! एक खोटं निभवायला माणसं किती नेमधर्म पाळतात. आणि एवढं करून शाळेत नाव घालताना जन्मस्थळ मात्र खरं सांगितलं. तिथे खोटं बोलावं लागेल हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं.

बाबांना मी तीन आठवडे काही सांगितलं नाही. रोज चहाला ते विचारायचे, "आज काय सापडलं?" मी म्हणायचे, "साहेब रजेवर आहेत." एकदा म्हणाले, "तुझे साहेब फार रजेवर असतात गं." सांगावं तर हा म्हातारा माणूस कोलमडेल. न सांगावं तर त्याने आयुष्यात माझ्याकडे मागितलेली एकच गोष्ट मी माझ्या पिशवीत दाबून ठेवलेली. आणि थांबत राहिलं तर एक दिवस सांगूनही त्याला कळणार नाही, म्हणजे प्रश्नच मिटला. हा शेवटचा विचार माझ्या मनात आला आणि त्याने मला जरा बरं वाटलं, हे मी कबूल करते. त्याच संध्याकाळी मी सांगून टाकलं.

ते खुर्चीत बसले होते. मी मोबाइलवर काढलेला रजिस्टरचा फोटो दाखवला नाही, नुसतं सांगितलं. ते म्हणाले, "कधी गेली म्हणालीस?"

"मी सातवीत होते तेव्हा."

बोटांवर त्यांनी काहीतरी मोजलं. पुन्हा मोजलं. "म्हणजे मी दिवसपाळीला होतो," म्हणाले. मी चहा गरम करून आणला, तो त्यांनी घेतला नाही. शेवटी म्हणाले, "मी तिला जिवंतपणी पितरात घातली गं बाय. तीस वर्षं."

"तुम्हाला माहीत नव्हतं, बाबा."

"तिला माहीत असंल का?"

ते रडले नाहीत. मी रडले, मोरीत जाऊन, नळ सोडून.

दोन दिवसांनी आम्ही रिक्षा करून गेलो. वैशाख संपत आला होता, शेतं भाजून तयार, रस्त्याच्या कडेला नव्या प्लॉटांचे बोर्ड. फाट्यावर पाटीसमोर बाबांनी रिक्षा थांबवायला लावली, पाटीकडे बघितलं आणि म्हणाले, "चल." घर शोधायला त्रास झाला नाही. भावाचं नाव सांगताच एका बाईने बोट दाखवलं. तो भाऊ कधीच गेला होता. त्याची बायको होती, म्हणजे बाबांची मामी, वयाने त्यांच्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहानच. ओटीवर लसूण सोलत बसली होती. मी कोण, कुठली, हे सांगायला सुरुवात केली, पण ती बाबांकडेच बघत होती.

"तू तो काय रं?" ती म्हणाली.

बाबा म्हणाले, "हां. तोच." आणि त्यांनी वाकून तिच्या पायाला हात लावला.

तिने सुनेला पाणी आणायला सांगितलं आणि लसणाचं सुपडं बाजूला केलं. आम्ही न विचारताच बोलायला लागली. "माझं लगीन झालं तवा ती हितंच व्हती. मला वाटलं इधवा हाय, तर कपाळाला कुंकू. सासू म्हनली, तिला काय इचारू नको. मागनं कळलं. दुसऱ्या बाळंतपनाला आनली व्हती, पोर लागलंच गेलं. तू तिकडं आजीपाशी व्हतास. मंग न्यायला कोन आलंच नाय."

आमच्यात बाळंतीण सासरी आपल्या पायांनी जात नाही. सासरचं माणूस न्यायला यावं लागतं.

"आमचा सासरा हट्टाचा," मामी म्हणाली. "त्यांची बायको हाय, त्यांनी न्यावी, मी पोचवायला जानार नाय, बोलला. तिकडलेबी तसलेच. वरीस गेलं नि त्यांनी दुसरी केली."

"आणि मला?" बाबा म्हणाले. "मला आणायला कोण नाय आलं?"

"पोर बापाचं रं. कोन देनार व्हतं?"

म्हणजे कोणी तिला मारलं नव्हतं, हाकललंही नव्हतं. दोन घरं एकमेकांची वाट बघत आपापल्या ओटीवर बसून राहिली, आणि त्यात एका बाईचं आयुष्य संपलं. भांडण झालं असतं तर मला सोसलं असतं.

बाबांनी पाण्याचा तांब्या हातातच धरला होता. म्हणाले, "माझं नाव घ्यायची का कधी?"

मामीने जरा विचार केला. खोटं सांगावं की नाही याचा असावा. "नाय," म्हणाली. "नाव नाय घेतलं कधी. कुनासमोर रडलीबी नाय. शेतात राबायची, माझी पोरं तिनंच वाढवली." मग म्हणाली, "सावनात मात्र जिवतीच्या शुक्रवारी आमी पोरांना ववाळायचो ना, तवा ती माझ्या हातातलं ताट घ्यायची नि दारात जायची. हितं उंबऱ्यात उभी राहून तिकडं तोंड करून ववाळायची नि तांदूळ टाकायची. दर शुक्रवारी. गेली त्या सालीबी टाकलं."

लेकरू लांब असलं की आई त्या दिशेला अक्षता टाकते. भाऊ नोकरीला बाहेरगावी गेला तेव्हा माझ्या आईनेही टाकल्या होत्या. लेकराला औक्ष मिळावं म्हणून. बाबांना एक्याऐंशी वर्षं मिळाली.

श्रावण संपला की भाद्रपद लागतो, नवमी येते. हे माझ्या मनात आलं आणि बाबांच्या मनात येऊ नये असं मला फार वाटलं. पण ते विसरत चालले असले तरी इतके विसरले नव्हते. त्यांनी तांब्या तसाच भरलेला माझ्याकडे दिला.

"कोणत्या अंगाला?" त्यांनी विचारलं.

मामीने हात करून दाखवलं. अंगणापलीकडे, कुंपणाच्या बाजूला. त्या दिशेला आमचं गाव.

बाबा उठले. काठी माझ्याकडे दिली, चपला न घालताच अंगणात उतरले, मामीने दाखवलं होतं त्या बाजूला चालत गेले आणि तिथून वळून दाराकडे तोंड करून उभे राहिले. टोपी सारखी केली. उंबऱ्यात कोणी नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, ऊन आहे, पाय भाजतील."

"थांब गं जरा," ते म्हणाले, आणि कपाळ थोडं पुढे करून उभेच राहिले.